जर्सीचा खांदा

उमरेडच्या त्या घरी हर्षा पोहोचली, तेव्हा तिच्या आधी तीन कॉलेजचे लोक येऊन गेले होते. एकाने पोरीच्या बापाला शाल पांघरली, दुसऱ्याने मोबाइलवर हॉस्टेलच्या खोलीचे फोटो दाखवले, आणि तिसऱ्याने तर नवाकोरा बास्केटबॉलच आणून दिला, तोही कोणी न मागता. पोरगी सतरा वर्षांची, नाव पायल. बारावीचा निकाल लागायचा होता, पण निकालाची वाट पाहतो कोण? नागपूरच्या कॉलेजांत खेळाचं असंच आहे. मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं की, वर्षभर ग्राउंडवरच्या खुर्चीतून न हलणारे क्रीडा विभागाचे सर लोक तोंडाला दुपट्टे बांधून गावोगाव हिंडायला लागतात.

आणि त्यातही पॉइंट गार्ड म्हटलं की यांच्या तोंडाला पाणी सुटतं. उंच पोरी शोधाव्या लागत नाहीत, त्या लांबूनच दिसतात. पॉइंट गार्ड म्हणजे पाचांतली ती बुटकी, जिच्या हातात बॉल आणि डोक्यात अख्खी मॅच. बॉल वर आणायचा तिने, कोणाला द्यायचा ते ठरवायचं तिने, आणि हरलो की बोलणी खायची तीही तिनेच. अशी एखादी सापडली की तिने अजून कॉलेजची पायरी चढलेली नसते, तोवर लोक तिच्या नावाने चार वर्षांचे कप जिंकून मोकळे होतात. पोरीला कोणी विचारत नाही की बाई, तुला झेपेल का.

हर्षाला हे सगळं पाठ होतं. तीन वर्षांपूर्वी हिंगण्याच्या तिच्या घरी असेच लोक आले होते, आणि ती इखे कॉलेजात गेली होती. दोन वर्षं तिने तिथे बॉल वर आणला. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात सिमेंटच्या कोर्टवर वळताना तिचा डावा गुडघा आतल्या आत सरकला. तिथले कोच ठवरे सर, त्यांनी बर्फ लावला, पट्टी बांधली आणि पुढच्या मॅचला उतरवलं. मग अजून आठ मॅच. आठव्या मॅचनंतर हर्षाला खाली बसून बुटाची लेसही बांधता येईना. तिसरं वर्ष तिने बेंचवर काढलं.

मनोहरराव ठवरे म्हणजे वाईट माणूस नव्हे, आणि हीच तर खरी अडचण. पोरींना स्वतःच्या गाडीवरून दवाखान्यात नेणारा, वाढदिवसाला सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालणारा माणूस. फक्त मॅच सुरू झाली की त्यांना स्कोअरबोर्डाखेरीज काही दिसत नसे. मे महिन्यात त्यांनी हर्षाला ऑफिसात बोलावून सांगितलं की एम.ए.ला नाव घाल आणि वर्षभर माझ्याजवळ बेंचवर बस. उमरेडची ती पोरगी आण. कप आला तर संस्थेच्या अध्यक्षांकडून तुझं असिस्टंट कोचचं पक्कं करून घेतो. मी गेलो तर कॉलेज बोलायला आलं असं वाटेल, तू जा, तू त्यांच्या पोरीसारखी दिसतेस.

घरी तिच्या वडिलांनी, मारोतरावांनीही तिला मुदत दिलेली होती. हिंगण्याच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस, बोलणं कमी. नोकरी लागली तर उत्तम, नाही लागली तर डिसेंबर संपला की वर्ध्याच्या पाहुण्यांना हो म्हणतो, एवढंच ते म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेले. तेव्हा उमरेडच्या बसमध्ये बसलेली हर्षा काही नुसती कॉलेजच्या कामाला निघाली नव्हती. तिचा स्वतःचा जीव त्यात अडकला होता.

पायलचे वडील संघपाल कोळशाच्या खाणीत डंपर चालवत. विहाराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांनी लोखंडी खांबावर रिंग ठोकून दिली होती, त्यावरच पोरगी शिकली. हर्षाने जय भीम केला, कैरीचं पन्हं घेतलं आणि पायलला जरा खेळून दाखव म्हटलं. जमीन मुरमाची, खाचखळग्यांची. बॉल कुठे उडेल याचा नेम नाही, तरी पोरगी बॉलकडे पाहतच नव्हती. मान वर, नजर समोर, डाव्या हाताने तितकंच सहज, जितकं उजव्या हाताने. ही माझ्यापेक्षा चांगली आहे, हे हर्षाला पाच मिनिटांत कळलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं झोंबलंसुद्धा.

संघपालांनी अभ्यासाचं, हॉस्टेलचं, एसटीच्या पासचं विचारलं. आई तारा मात्र सगळा वेळ दारात उभी राहून ऐकत होती. घर उंच जोत्यावर होतं, पुढे तीन पायऱ्या. निघताना हर्षा त्या पायऱ्या एकेक करत, डावा पाय आधी खाली टेकवत उतरली. तारा मागून बघत होती.

“तुह्या गुडघ्याले काय झालं वं बाई?”

हर्षाने विचारसुद्धा केला नाही. “स्कूटीवरून पडली होती मावशी.”

“खेळताना नाही ना?”

“नाई जी.”

ताराचा चेहरा मोकळा झाला. मग ती जवळ आली आणि पहिल्यांदा मनातलं बोलली. पायलला लहानपणापासून सवय आहे, म्हणाली, दुखलं तरी सांगत नाही. चौथीत हात मोडला होता तर दोन दिवस दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेऊन शाळेत गेली. ते तिन्ही सर लोक आले ते कॉलेजचं सांगत बसले. “पण पोट्टीकडे कोण पाहीन, हे कोणी सांगितलं नाही.”

“मी पाहीन,” हर्षा म्हणाली.

बाकीच्या तिघांची शाल, खोली आणि बॉल त्या दोन शब्दांपुढे कुठच्या कुठे गेले. जूनमध्ये पायल इखे कॉलेजात आली. संघपालांनी तो नवाकोरा बॉल ज्याचा त्याला परत पाठवला, इतका सरळ माणूस.

इखे कॉलेजच्या टीमची एक रीत होती. कोणी सुरू केली माहीत नाही, पण सर तिच्यावर फार खूश असत. फर्स्ट-सेकंड इयरच्या पोरीने मॅच चालू असताना सरांशी बोलायचं नाही. पाणी हवं, दम लागला, काही दुखलं, काहीही असो, तिने जर्सीचा खांदा दोन बोटांनी ओढायचा. बेंचवर सरांच्या शेजारी जी सीनियर बसलेली असेल तिने ते बघायचं, आणि खरंच बाहेर काढायची गरज आहे की नुसती घाबरली आहे हे ठरवून सरांना सांगायचं. सरांचं म्हणणं, कोवळ्या पोरी उगाच हात वर करतात, मधे एक चाळणी असलेली बरी. हर्षाच्या वेळी ती चाळणी म्हणजे एक अमरावतीची ताई होती. हर्षाने त्या डिसेंबरात जर्सी किती वेळा ओढली होती, हे हर्षाला अजून आठवत होतं. तेव्हा ती ताई खाली वाकून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसली होती.

आता त्या खुर्चीवर हर्षा होती. पहिल्याच आठवड्यात तिने पायलला कोर्टच्या कडेला नेऊन रीत समजावली. काही झालं तर खांदा ओढजो, बाकी काही करू नको, मी तुझ्याकडेच पाहत असेन. पायलने मान हलवली. तिला सगळंच नवं होतं, तिने हेही शिकून घेतलं.

जुलैपासूनच पोरीच्या नावाचा गाजावाजा सुरू झाला. कॉलेजच्या जुन्या खेळाडूंचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर तिच्या प्रॅक्टिसचे व्हिडिओ फिरायला लागले. कोणी लिहिलं, सहा वर्षांनी कप येतोय. कोणी लिहिलं, विद्यापीठाच्या टीममध्ये ही पहिल्याच वर्षी जाणार, लिहून ठेवा. एका पेपरच्या खेळाच्या पानावर तिचा अंगठ्याएवढा फोटो आला, तर अध्यक्षांनी तो कापून ऑफिसच्या काचेखाली ठेवला. अजून एकही मॅच झाली नव्हती. पायल हे सगळं वाचायची आणि रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायची. हर्षाने विचारलं तर म्हणे, “ताई, मी एवढी भारी नाही आहो. ह्या लोकायले कोणं सांगितलं?”

ऑक्टोबरच्या शेवटी प्रॅक्टिसमध्ये पोरगी एका पायावर उतरली आणि तिथेच बसली. डावा नव्हे, उजवा गुडघा. संध्याकाळपर्यंत तो इतका सुजला की वाटी दिसेना. हर्षाने हात लावून पाहिलं, आणि तिला दुसऱ्या कोणाच्या गुडघ्याला हात लावल्यासारखं वाटलंच नाही. तिने सरांना सांगितलं की एमआरआय करून घेऊ. सरांनी शांतपणे समजावलं, अगदी बेटा वगैरे म्हणून, की एमआरआय केला की डॉक्टर काहीतरी काढतातच, सहा महिने बसवतात, आणि मग पोरगी मनातून खचते. पंधरा दिवस विश्रांती देऊ, पट्टी बांधू, सूज उतरेल. फिटनेसच्या कागदावर सही करणारे एक ओळखीचे डॉक्टर होते, ते गुडघा न बघताच सही करत.

सूज उतरली. पायल पुन्हा खेळायला लागली, आणि चांगली खेळली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हर्षा मात्र प्रॅक्टिस संपल्यावर बघायची. पोरगी हॉस्टेलच्या जिन्यावरून एकेक पायरी करत उतरायची.

त्याच आठवड्यात ताराचा फोन आला. दर रविवारी यायचा, पण या वेळी मंगळवारी आला. पायलचा आवाज बरा वाटत नाही म्हणाली. सगळं ठीक आहे ना? हर्षा त्या वेळी ग्राउंडच्या फाटकापाशी उभी होती. मनात आलं की सांगून टाकावं, मावशी, या आणि घेऊन जा हिला. समोर सर बाकीच्या पोरींना पळवत होते. आणि फायनल महिन्यावर होती.

“हाव मावशी,” ती म्हणाली. “मी पाहून राहिली ना.”

डिसेंबरात कॉलेजांची स्पर्धा इखे कॉलेजच्याच कोर्टवर झाली. तेच सिमेंट, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. टीम फायनलला गेली. त्या दिवशी विद्यापीठाच्या निवड समितीचे लोक पांढऱ्या खुर्च्यांवर येऊन बसले, अध्यक्ष आले, आणि उमरेडहून संघपाल सुट्टी टाकून बारा माणसं घेऊन आले. ताराने हिरवी साडी नेसली होती. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, ती फक्त आपल्या पोरीकडे बघत होती. मॅचच्या आधी अध्यक्षांनी हर्षाला जवळ बोलावलं, पाठीवर थाप मारली आणि तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे बरं का, असं हसत म्हणाले.

मॅचच्या चार भागांतले पहिले दोन पायलने एकटीने ओढले, असं म्हटलं तरी चालेल. तिच्याकडून बॉल काढायला समोरच्या दोघीदोघी येत होत्या आणि ती मधून निघून जात होती. लोक नावाने ओरडत होते. तिसऱ्या भागात ती जरा मंदावली. हर्षाच्या लक्षात आलं की पोरगी उजवीकडे वळतच नाहीये, सगळं डावीकडून चाललं आहे.

चौथा भाग लागला. सहा मिनिटं उरली होती, स्कोअर बरोबरीत. बॉल बाहेर गेला, शिट्टी झाली, आणि पायलने बेंचकडे तोंड करून जर्सीचा खांदा ओढला. नीट ओढला, शिकवल्यासारखा, दोन बोटांनी.

हर्षाने पाहिलं.

बेंचवर पायलच्या जागी उतरायला दिपाली होती, सेकंड इयरची, भित्री, मोठ्या मॅचमध्ये जिच्या हातातून बॉल सुटायचा म्हणून नाव झालेली. ती उतरली तर कप गेला, असं हर्षाला वाटलं. कप गेला तर फाइल गेली. डिसेंबरचे बारा दिवस उरले होते. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं, तेही एका श्वासात. माणूस काय विचार करतो हे त्याचं त्यालाच कळत असतं, नंतर कितीही म्हणो की सुचलं नाही.

सरांनाही काहीतरी दिसलं असावं. स्कोअरबोर्डावरची नजर न काढता ते म्हणाले, “हर्षा, पायल काय म्हणते? ठीक आहे ना?”

सरांनी विचारलं. ज्या माणसाला काही दिसत नाही म्हणून हर्षाने वर्षभर मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याने त्या दिवशी विचारलं. तिने नुसतं नाही म्हणायचं होतं.

“ठीक आहे सर,” हर्षा म्हणाली.

पाच मिनिटं उरली असताना पायलने पुन्हा खांदा ओढला. या वेळी ती बेंचकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. हर्षाची मान खाली गेली. तिच्या पायाशी पाण्याची बाटली होती. तिने ती उचलली, झाकण घट्ट केलं आणि परत ठेवली. तिसऱ्यांदा पोरीने ओढला तो पळता पळता, आणि तोही हर्षाला दिसला.

तीन मिनिटं दहा सेकंद. समोरचीने पायलची डावी बाजू अडवली. आता उजवीकडे वळण्यावाचून मार्ग नव्हता. पायल उजव्या पायावर थांबली, वळली, आणि गुडघा आत गेला. आवाज आला. बेंचपर्यंत आला, पांढऱ्या खुर्च्यांपर्यंतही आला असेल. मग पोरगी ओरडली आणि पाठोपाठ प्रेक्षकांत एक बाई ओरडली. हिरवी साडी धावत कोर्टवर आली तेव्हा पंचांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. तिने ऐकलं नाही.

चौघींनी पायलला उचलून बाहेर नेलं. तिच्या जागी दिपाली उतरली. आणि खरं सांगायचं तर इथेच हर्षाच्या जन्माची अद्दल आहे. भित्री दिपाली तीन मिनिटं व्यवस्थित खेळली. बॉल सुटला नाही, घाई केली नाही, शेवटच्या मिनिटाला दोन फ्री थ्रो शांतपणे टाकले. इखे कॉलेज दोन पॉइंटने जिंकलं. लोक कोर्टवर नाचले. पायल बाहेर असती तरी काही बिघडणार नव्हतं. पहिल्यांदा खांदा ओढला तेव्हाच दिपाली उतरली असती, तर कपही आला असता आणि पोरीचा पायही राहिला असता.

दवाखान्यात एमआरआय झाला, जो ऑक्टोबरात व्हायचा होता. लिगामेंट पूर्ण तुटलेलं, आतली गादी फाटलेली. डॉक्टर म्हणाले की आधीची जखम होती, त्यावर खेळवलं गेलं, आता ऑपरेशन होईल, चालेल ती, पण खेळाचं विसरा. सर भिंतीला टेकून उभे होते आणि डोळे पुसत होते. ते रडणं खोटं नव्हतं. संघपालांनी त्यांना काही म्हटलं नाही. ते खाणीच्या कामाचे बूट घालून आले होते, त्या बुटांकडेच बघत राहिले.

तारा बाहेर बाकावर बसली होती. हर्षा तिच्या बाजूला जाऊन बसली, बसल्यावाचून इलाज नव्हता.

“तू स्कूटीवरूनच पडली होती ना वं?” तारा म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. हर्षाला वाटलं की आता सांगितलं तर ही बाई आपल्या थोबाडीत देईल, आणि दिली तर किती बरं होईल.

“हाव,” ती म्हणाली.

ताराने मान डोलावली, आणि पदराने तोंड पुसून ती आत गेली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पायलने हर्षाला एकटीला बोलावलं. पाय उशांवर, जाडजूड पट्ट्यांत. चेहरा एवढासा झालेला. पायल म्हणाली, खांद्याची ती रीत आईला ठाऊक आहे, तिने विचारलं की तू जर्सी ओढली होती की नाही. “मी सांगितलं, मी ओढलीच नाही म्हणून. नाहीतर आई तुम्हाले सोडत नव्हती.” मग तिने हर्षाकडे पाहिलं, मॅचमध्ये बघायची तसं, मान वर करून. “पण मी ओढली होती ताई. तीनदा. अन् तुम्ही पाहून राहिल्या होत्या.”

हर्षाने उशी जरा सरळ केली. पायलने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि त्यानंतर ती हर्षाशी कधी बोलली नाही. खेळाडू कोट्यातली हॉस्टेलची खोली खेळणाऱ्या पोरीलाच मिळते, म्हणून जानेवारीत तिचं सामान उमरेडला गेलं. काही दिवस ती कुबडी घेऊन एसटीने कॉलेजला येत होती. एसटीच्या पायऱ्या उंच असतात. मार्चपासून यायची बंद झाली.

हर्षाचं पत्र मात्र वेळेत आलं, एकतीस डिसेंबरच्या आत. असिस्टंट कोच, कंत्राटी, वर्षभरासाठी. मारोतरावांनी पत्र दोनदा वाचलं, वर्ध्याच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवलं आणि येताना पेढे आणले. हर्षाने त्यातला एक तोंडात टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन थुंकला. घरात कोणाला कळलं नाही.

पुन्हा मे आला. ठवरे सरांनी एका कागदावर नाव आणि फोन नंबर लिहून दिला. कामठीची पोरगी, गोपिका, पॉइंट गार्ड. दोन कॉलेजचे लोक जाऊन आले होते. सर आता हर्षाशी पहिल्यासारखं बोलत नसत, नजर चुकवत, पण काम काम असतं. हर्षाने शेअर ऑटो पकडला.

वाटेत तिने ठरवलं. हे तिने महिनोन्‌महिने मनात घोळवलं होतं. या वेळी कोणी गुडघ्याचं विचारलं की सगळं सांगायचं. खेळताना झालं, पट्टी बांधून आठ मॅच खेळवलं, माझ्यानंतर आणलेल्या पोरीचंही तेच झालं, आणि ते मी केलं. मग नोकरी जावो नाहीतर राहो. फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. आपणहून तोंड उघडायची हिंमत तिच्यात नाही, हे तिला स्वतःबद्दल पुरतं कळून चुकलं होतं.

खाली यंत्रमाग, वर घर. मागांच्या खडखडाटात मोठ्याने बोलावं लागत होतं. गोपिकाच्या आईचं नाव कौसल्या, चेहरा हसरा. चहा आला, शंकरपाळे आले. हर्षा मुद्दाम डावा पाय लांब सोडून बसली. उठताना गुडघा धरून उठली. कौसल्याने हॉस्टेलचं विचारलं, जेवण कसं असतं ते विचारलं, पेपरात फोटो आला होता ती पोरगी तुमचीच का तेही विचारलं. हर्षा हो म्हणाली. मग आता ती कुठे असते, हे काही कौसल्याने विचारलं नाही. बापाने फॉर्मवर सही केली. पोरगी आनंदाने नुसती फुलून गेली होती.

जिना लोखंडी होता, अरुंद, चौदा पायऱ्यांचा. हर्षा उतरायला लागली, एकेक पायरी, डावा पाय आधी टेकवत, गरज होती त्याहून हळू. मागे दारात कौसल्या उभी होती. प्रत्येक पायरीवर हर्षा थांबत होती. अर्ध्या जिन्यावर तर तिने मागे वळूनही पाहिलं. कौसल्याने हसून हात हलवला.

तेवढ्यात गोपिका वरून धडाधडा उतरत आली, दोन दोन पायऱ्या घेत, आणि तिने हर्षाचा हात धरला.

“हळू ताई,” ती म्हणाली. “मी धरते ना तुम्हाले.”

हर्षा तिच्या हाताला धरून खालपर्यंत उतरली. शेवटच्या पायरीवर ती पुन्हा थांबली आणि वाट पाहिली. माग चालू होते. कोणी काही विचारलं नाही, तेव्हा तिने पिशवीतला फॉर्म एकदा चाचपून पाहिला, पोरीला पंधरा जूनला सकाळी साडेसहाला ग्राउंडवर ये म्हणून सांगितलं, आणि पहिल्या आठवड्यात मी तुला आमच्या टीमची एक रीत शिकवीन, असंही सांगितलं.